दोनशे अधिक तीन एक्स

दसरा होऊन गेला तरी पाऊस जायचं नाव घेईना. खारबावच्या पुढे, खाडीच्या बांधाआड केसरीनाथचं भात उभं होतं तोवर बघत राहावं असं होतं. दाणा भरला, लोंबी वाकली, आता कापायचं म्हणून केसरीनाथने विळे धार लावून पडवीत टांगले आणि त्याच रात्री जो पाऊस लागला तो शेताला झोडपून काढूनच थांबला. सकाळी सगळं भात चटईसारखं आडवं. लोंब्या चिखलात लोळत होत्या आणि दोन दिवसांत दाण्याला कोंब दिसायला लागले.

वरची चांगली जमीन कधीच गोडाऊनला गेली होती. त्या पैशांत दोन मजली घर झालं, दारात टेम्पो आला, दोन्ही पोरांची लग्नं डीजे लावून झाली. उरलं ते हे खाजणातलं शेत. ते कुणी विकत घेत नव्हतं, म्हणून केसरीनाथचा त्याच्यावर फार जीव होता. दरवर्षी कापणीला वाडा तालुक्यातून माणसं यायची. यंदा मुकादमाने फोनवरच हात वर केले. म्हणाला, "दादा, सगली गोडाऊनला लागली. डोक्यावर पत्रा, वर पंखा. तुमच्या चिखलात कोन येनार?"

केसरीनाथने फोन ठेवला आणि रविवारी संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना पडवीत बोलावलं. मोठा धनेश आणि धाकटा भाविक टेम्पोवर होते, दिवाळीचा हंगाम, गाडीला क्षणाची उसंत नव्हती. त्यांना काही म्हणायची सोय नव्हती. राहिल्या दोघी सुना. थोरली विनिता, धाकटी मृणाली. दोघी एकाच गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायच्या.

"मी नि आक्का दोघंच किती कापनार?" केसरीनाथ म्हणाला. "भात उचलायचा हाय, झोडायचा हाय, मंग वाल टाकायचंत. एक बाय घरी पायजे."

"दोघींतली कोन?" त्याच्या बायकोने, आक्काने विचारलं.

"जी कमी आनते ती. या शनिवारचा पगार बघू. जिचा कमी, ती सोमवारपासून शेतात."

धनेश मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "बरोबर हाय." भाविकने एकदा बायकोकडे बघितलं आणि मग पंख्याकडे.

केसरीनाथला वाटत होतं महिनाभराचा प्रश्न आहे. तसा तो नव्हता. दिवाळीच्या तोंडावर गोडाऊन सोडलं की दुसऱ्या दिवशी त्या जागेवर दुसरी बाई उभी असते. जी घरी राहील ती कायमची घरी राहील, हे दोन्ही सुनांना ठाऊक होतं. विनिताला गोडाऊन सोडायचं नव्हतं. सकाळी नाक्यावर व्हॅन यायची, खिडकीची जागा ठरलेली होती, बायकांच्या कुचाळक्या होत्या, गळ्यात फोटोचं कार्ड होतं. दिवसभर तिला कुणी 'थोरली' म्हणत नव्हतं. घरी राहायचं म्हणजे सकाळपासून आक्काच्या हाताखाली, आणि आक्काचा हात कसा होता ते तिने लग्नानंतरची सगळी वर्षं सोसलं होतं.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. कमी ती आणत होती.

हे कसं झालं ते सांगायलाच हवं, कारण तो उपद्व्याप विनिताचा स्वतःचाच होता. गावातल्या सुनांमध्ये गोडाऊनला पहिली ती गेली. बारावी पास, दहावीला गणितात शाळेत पहिली, हे ती नव्या माणसाला भेटल्याबरोबर पाच मिनिटांत सांगायची. भर पावसाळ्यात मृणालीलाही तिनेच नेलं. सुपरवायझर सुगत पडघ्याचा, शिकलेला, बोलायला मऊ. त्याने दोघींना एकच टेबल दिलं. "एका घरच्या आहात, भांडणार नाही," म्हणाला. टेबलावर दोन कामं. एकीने रॅकवरून माल आणायचा, तिला रोजची हजेरी चारशे ऐंशी. दुसरीने तो डब्यात भरून, टेप मारून, लेबल लावून पार्सल सोडायचं. तिला रोजचे दोनशे, आणि वर पार्सलमागे तीन रुपये. कुणी काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा.

विनिताने मनातल्या मनात झटपट हिशेब केला. नवशिकी मृणाली दिवसाला साठ-सत्तर पार्सलं करील. म्हणजे चारशेच्या आसपास. तिने हजेरी स्वतःकडे ठेवली आणि टेबल जावेला दिलं, वर म्हणाली, "तुला उभं राहून एका जागी बरं पडेल गं."

मृणालीने मान हलवली. नववी नापास पोरगी, मोठ्या जावेचा शब्द म्हणजे शब्द. आणि मग तिचे हात चालायला लागले. गणपतीपर्यंत शंभर, नवरात्रात शंभर-एकशेवीस. टेप ओढायची ती दाताने नाही, अंगठ्याच्या नखाने, असा काही झटका द्यायची की बाजूच्या टेबलावरच्या बायका बघत राहायच्या. विनिता तेवढाच माल तेवढ्याच पायांनी आणत होती आणि तिचे चारशे ऐंशी तिथेच होते.

शनिवारी पाकिटं मिळायची. घरची पद्धत अशी की दोघींनी पाकीट न फोडता आक्काच्या हातात द्यायचं, आक्का ते देवापुढे ठेवणार, मग केसरीनाथ मोजणार. आक्का मोजत नव्हती. ती नुसती दोन्ही पाकिटं दोन हातांत धरायची आणि म्हणायची, "धाकटीचं बघ कसं फुगलंय!" एवढंच. त्यात वाईट काही नव्हतं. पण विनिता त्या रात्री जेवताना भाताचा घास घोळवत राहायची. मृणालीने बांगड्या भरल्या की तिला खुपायचं, मृणालीला व्हॅनमध्ये कुणी हाक मारली की खुपायचं, मृणाली झोपेत हसली असती तरी खुपलं असतं.

सोमवारी सकाळी व्हॅनमध्ये मृणाली तिच्याकडे सरकून बसली.

"वैनी, आपल्या दोघींत कमी कोन आनते गं?"

"शनिवारी कलेलच की."

"तसं न्हाय. आधीच कलायला पायजे. तू गनितात हुशार. मना शिकव ना. कधी तुझं जास्त, कधी माझं जास्त, ते कसं काढायचं?"

विनिताला बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी जाऊ खाली आणि ती वर होती. चहाच्या सुट्टीत तिने एका फाटक्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, मार्कर घेतला आणि मास्तरणीच्या आवाजात सुरू झाली.

"हे बघ. तुझे दोनशे रोजचे, ते कुठं जात न्हाईत. त्याच्यावर पार्सलमागं तीन. पन पार्सलं किती व्हतील ते सकाली ठाऊक असतं का?"

"न्हाय."

"जे ठाऊक न्हाय त्याला एक्स म्हनायचं. मंग तुझी कमाई ही." तिने लिहिलं: 200 + 3x. "याला बैजिक राशी म्हंतात."

"राशी?" पलीकडे बिस्किट बुडवत बसलेली रंगूबाई म्हणाली. "अगं तिची रास कन्या हाय. मीच बघितलंय पत्रिकेत."

बायका हसल्या. मृणाली हसली नाही. ती त्या चार खुणांकडे बघत होती. "म्हंजे पन्नास झाले तर एक्सच्या जागी पन्नास. शंभर झाले तर शंभर."

"हां."

"आनि तुझी?"

"माझी काय, साधी. चारशे ऐंशी."

"त्यात एक्स न्हाय?"

"न्हाय."

हे बोलताना विनिताच्या हातातला मार्कर थांबला. इतके महिने पोटात जे दुखत होतं ते आता पुठ्ठ्यावर काळ्या शाईत उतरलं होतं. जावेच्या राशीत एक न ठरलेली गोष्ट होती, ती कितीही वाढू शकत होती. हिच्या राशीत वाढणारं काही नव्हतंच. हजेरीची बाई मेली तरी चारशे ऐंशी आणि नाचली तरी चारशे ऐंशी.

"मंग दोघींचं सारखं कवा व्हनार?" मृणालीने विचारलं.

विनिताने मुकाट्याने सोडवलं. त्र्याण्णवच्या थोडं पुढे. "चौऱ्यान्नव पार्सलं झाली की तू पुढं. त्र्यान्नवपर्यंत मी." म्हणाली, आणि पुठ्ठा चुरगळून कचऱ्याच्या पिंपात टाकला.

भोंगा झाला. दोघी टेबलाशी आल्या. विनिताने ट्रॉली घेतली आणि रॅककडे निघाली. चपलांचे जोड तिसऱ्या गल्लीत, मिक्सरची भांडी शेवटच्या. चालता चालता तिला एकदम दिसलं. जावेच्या राशीतला तो एक्स कुठून येतो? मृणाली तर जागची हलत नाही. ट्रॉली आली की तिचे हात चालतात, ट्रॉली नाही आली की ती उभी. तो एक्स दिवसभर विनिताच्याच पायांवर चालत जात होता!

एवढी हुशार बाई, पण हे कळायला तिला कापणी यावी लागली. ती तिथेच थांबली. पाण्याच्या टाकीपाशी जाऊन दोन घोट पाणी प्यायली. मग आणखी दोन. चप्पल काढून पट्टा बघितला. परत येताना जवळची वाट सोडून लांबच्या गल्लीतून आली.

मृणाली हातात टेपचं रीळ धरून वाट बघत होती. "वैनी, आन ना गं."

"आनतेय."

त्या दिवशी नव्वदसुद्धा झाले नाहीत. मंगळवारी त्याहून कमी. पत्र्याखाली ऑक्टोबरचा उकाडा, पंख्याची हवा टेबलापर्यंत पोचायची नाही, मृणालीच्या कपाळावरचा घाम लेबलांवर पडत होता आणि हात मात्र रिकामे. दुपारी सुगत आला. भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर प्रत्येक टेबलाचा आकडा असायचा, आणि टेबलाला नाव पॅकिंगवालीचं. माल आणणारीचं नाव कुठेच नव्हतं.

"मृणालीताई, हे काय चाललंय? सगळ्यांत खाली तुम्ही? दिवाळी आहे, झोपायचं असेल तर घरी झोपा."

मऊ बोलणारा माणूस चारचौघांत बोलला की जास्त लागतं. मृणालीची कानशिलं लाल झाली. तिने विनिताकडे बघितलंसुद्धा नाही. "करते सर," एवढंच म्हणाली. रॅकच्या आड उभ्या विनिताला जे वाटलं त्याला आनंदच म्हणायला हवं. चिंचेचा गोळा जिभेवर ठेवल्यासारखं आंबट-गोड. ते तिने सावकाश चघळलं.

सुगत गेल्यावर मृणाली तिच्याजवळ आली. "वैनी, काय झालं गं? बरं न्हाय का?"

विनिताला काहीतरी बोलणं भाग होतं. "पाय दुखतान गं," ती म्हणाली. "टाचेपासून वर कल येते. फरशीवर चालवत न्हाय."

"मंग सांगायचंस ना आधी!" मृणालीचं तोंड एवढंसं झालं. "मी इथून आन आन करते मूर्खासारखी."

बुधवारी काय झालं, तर मृणालीने स्वतःच ट्रॉली धरली. विनिताला तिने टेबलापाशी स्टुलावर बसवलं, "तू लेबलं सोलून ठेव फक्त," म्हणाली, आणि ओढणी कमरेला खोचून गल्ल्यागल्ल्यांतून पळत सुटली. माल आणायची, भरायची, टेप मारायची, पुन्हा पळायची. कमीजचा पाठीवरचा भाग घामाने चिकटला, पायातली चप्पल एकदा निसटली तर तिने ती तिथेच सोडून दिली. संध्याकाळी फळ्यावर शंभरावर आकडा. गुरुवारी त्याच्याही वर.

"जाऊ असावी तर अशी," व्हॅनमध्ये रंगूबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "माझी मेली पानीसुद्धा देनार न्हाय."

विनिता खिडकीबाहेर बघत राहिली. तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. तिने पाय आखडले तर त्यातूनही कौतुक हिचंच निघालं! वर तिने मनातल्या मनात बेरीज केली. सोमवार, मंगळवार आपण खाली ओढले, पण बुधवार-गुरुवारने सगळं भरून काढलं. हे असंच चाललं तर शनिवारी मृणालीचं पाकीट फुगलेलं असणार आणि सोमवारी चिखलात विनिता.

घरी आल्यावर आक्काने तिच्या हातातलं हंड्याचं ओझं काढून घेतलं. "तुझं पाय दुखतान ना? धाकटी बोल्ली मना. बस तू."

आक्का लग्न झाल्यापासून पहिल्यांदा तिला 'बस' म्हणाली होती. विनिता बसली. बसल्यावर उठताना लंगडणं आलं, ते तिने केलं. धनेशने एकदा विचारलं, "डॉक्टरला दाखवू का?" तर ती त्याच्यावर वसकन ओरडली.

शुक्रवारी मात्र नशीब फिरलं. मृणाली पळाली नाही. ट्रॉली तिनेच धरली, पण सावकाश चालली, मध्येच उभी राहायची, टेप नीट बसली का म्हणून दोनदा बघायची. थकली असणार, विनिताला वाटलं. दोन माणसांचं काम किती दिवस ओढणार? तिने मदतीला हात लावला नाही. स्टुलावर बसून ती लेबलं सोलत राहिली, आणि प्रत्येक लेबल सोलताना तिला हलकं हलकं होत गेलं. शुक्रवारी आकडा घसरला. शनिवारी त्याहून घसरला, शेवटी तर मृणाली टेबलाशी नुसती उभीच राहिली.

शनिवारी संध्याकाळी पाकिटं देवापुढून उचलून केसरीनाथने पडवीत मोजली. विनिताचे दोन हजार आठशे ऐंशी. मृणालीचे दोन हजार आठशे पासष्ट.

"पंधरा रुपये?" भाविक म्हणाला. "पंधरा रुपयांनी काय व्हतंय बाबा? त्याच्यावरून—"

"बोललो ते बोललो. कमी ते कमी."

"मी राहीन बाबा," मृणाली म्हणाली. पटकन म्हणाली, कुणी विचारायच्या आत. विनिताने मान खाली घातली, कारण तिला भीती वाटली की चेहऱ्यावर हसू दिसेल.

रविवारीच मृणाली शेतात उतरली. आडवं भात कापायला उभ्या भाताच्या दुप्पट वेळ. एका हाताने चिखलातून लोंबी उचलायची, झटकायची, दुसऱ्या हाताने विळा. गुडघ्यापर्यंत पाय रुतायचे, एक काढावा तर दुसरा खाली. केसरीनाथ आणि आक्का मागून भारे बांधून बांधावर टाकत होते. विनिता घरी चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. पाय दुखतात म्हणून तिला जेवण घेऊन जायलाही कुणी सांगितलं नाही. आक्का स्वतः येऊन टोपलं घेऊन गेली.

सोमवारी व्हॅनमध्ये खिडकीची जागा तिचीच होती. बाजूची मोकळी होती, तिथे तिने डबा ठेवला. तिला वाटलं होतं हलकं वाटेल. थोडं वाटलंही.

गोडाऊनच्या दारातच सुगत भेटला. "विनिताताई, आजपासून टेबल तुमचं. स्टुलावर बसून पॅकिंग करा. माल रंगूबाई आणतील, त्यांना हजेरीवर घेतलंय."

"माझं? सर, मी हजेरीवर हाय."

"होतात. मृणालीताईंनी जाताना तेवढंच मागितलं माझ्याकडे. म्हणाल्या, वहिनीच्या पायांत जोर नाही, कुणाला सांगत नाही, तिला बसायचं काम द्या." तो जरा घुटमळला. "खरं सांगू? मी त्यांच्यावर ओरडलो त्याचं मला वाईट वाटतंय. गुरुवारी सुट्टीत त्या माझ्याकडे आल्या. मला म्हणाल्या, सर, दिवसाचं गणित वहिनीने शिकवलंय, आठवड्याचं मला जमत नाही. माझे अजून किती झाले तर दोघींची पाकिटं सारखी होतील, तेवढं काढून द्या. मी मोबाइलवर काढून दिलं. मला वाटलं, जिंकायचं असेल."

विनिताने डबा या हातातून त्या हातात घेतला.

"शनिवारी शेवटचा तासभर त्या टेबलापाशी नुसत्या उभ्या होत्या. तुम्ही हात धुवायला गेलात तेव्हा मी विचारलं, ताई, माल आहे, टेप आहे, थांबलात का? तर म्हणाल्या, आता आणखी पाच झाले तर सारखं होईल सर, सहावं झालं की वहिनीचं कमी. मग सासरे वहिनीला चिखलात उतरवायचे. त्या पायांनी ती कशी उभी राहील?"

रंगूबाई ट्रॉली घेऊन येत होती. सुगत दुसऱ्या टेबलाकडे गेला.

विनिता स्टुलावर बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर ही गोष्ट निराळी झाली असती. तिला राग आला. एवढा आठवडा आपण पाय आवरले, पाणी प्यायलो, चपलेचा पट्टा बघितला, लांबच्या वाटेने आलो, आणि जिंकलो ते त्याने नव्हे! हिने जिंकवलं म्हणून जिंकलो. हरायचंसुद्धा हिनेच ठरवायचं, ते मोजूनमापून, आपण शिकवलेल्या गणिताने. आणि आपल्याला देऊन काय गेली, तर हे टेबल. जे आपण स्वतः हिच्या गळ्यात मारलं होतं.

ठीक आहे, ती मनात म्हणाली. आता माझ्याही राशीत एक्स आहे.

तिने टेप उचलली आणि कामाला लागली. रंगूबाई म्हातारी असली तरी पायाने चपळ, ट्रॉलीमागून ट्रॉली टेबलाशी आणून लावत होती. मालाची कमी नव्हती. कमी होती ती हातांत. टेप वाकडी बसायची, ओढून काढावी तर पुठ्ठ्याचा पापुद्रा घेऊन यायची. अंगठ्याच्या नखाने झटका द्यायला गेली तर नखच मुडपलं. डब्याची झाकणं बोटांना चरचर कापत होती. ती चहाला उठली नाही, जेवायला बसली ते अर्धा डबा ठेवून परत आली. स्टूल बाजूला सारून उभी राहिली, कारण बसून हात पोचत नव्हता. रंगूबाई ओरडली, "अगं पाय दुखतान ना तुझं? बस की!" तशी ती पुन्हा बसली.

संध्याकाळी सुगतने फळ्यावर आकडा लिहिला. एकाहत्तर. शनिवारी एक तास हात बांधून उभी राहिलेल्या मृणालीचा आकडा याहून जास्त होता.

"पहिला दिवस आहे," सुगत म्हणाला. "होईल सवय."

व्हॅनमध्ये तिने हिशेब केला नाही असं नाही, तो आपोआप झाला. दोनशे अधिक एकाहत्तर त्रिक. चारशे तेरा. हजेरीला ती यापेक्षा सदुसष्ट रुपये जास्त नेत होती, आणि ती हजेरी आता पुढच्या बाकावर घोरत होती. बोटांची आग होत होती म्हणून तिने हात खिडकीच्या गार सळीवर धरले.

घरी पोचली तेव्हा अंधारायला आलं होतं. मृणाली ओट्यावर बसून विळ्याचा चिखल खरवडत होती. पोटऱ्यांवर चिखल वाळून त्याला भेगा पडल्या होत्या, हातांवर भाताच्या पातींचे बारीक बारीक कापे उठले होते. विनिताला बघताच तिने विळा बाजूला ठेवला.

"आलीस? दिलं ना टेबल सरांनी? किती झाले गं?"

आक्का दारात आली. केसरीनाथ झोपाळ्यावर बसला होता, त्यानेही मान वळवली. खोटं सांगता आलं असतं, पण शनिवारी पाकीट बोललंच असतं.

"एकाहत्तर," विनिता म्हणाली.

"एकाहत्तर?" मृणाली उठून उभी राहिली. "आक्का, ऐकलंस? पयल्या दिवशी माझे पन्नास पन न्हाय झालेले! वैनी माझ्या पुढं गेली. मी बोल्ले नव्हते, ती हुशार हाय, तिला लवकर जमेल?"

विनिता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ओठाच्या कोपऱ्यात, भुवईत, डोळ्यांच्या कडेला, कुठेतरी एवढासा जळफळाट सापडावा म्हणून तिने तो चेहरा सगळा धुंडाळला. तेवढा सापडला असता तर तिने सगळं सोडून दिलं असतं, जावेजवळ बसली असती, कदाचित खरं बोललीही असती. पण गालावरचे चिखलाचे शिंतोडे सोडले तर तिथे नुसता आनंद होता.

"पाय धुऊन येते," ती म्हणाली. आणि सगळे बघत होते म्हणून लंगडत मोरीकडे गेली.